एकाच दिव्याची लॉरी

११ मार्च

आजवर या हातांनी केलेलं — घराचं छप्पर, पन्हळींसकट. बायकोच्या, बुरुलच्या, चहाच्या समोवारचं धुराडं, तीनदा. पैकी दोनदा चेपवलं तिनेच. गल्लीतली बहुतेक सगळी फाटकं आणि त्यांच्यावरची मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. मशिदीवरची चंद्रकोर. वारा सुटला की ती शिट्टी वाजवते, पण भोक इमामाने पाडायला लावलं होतं, माझ्या मनाने नाही. मध काढायचं पिंप. शेजारच्या ओस्मोनकुलच्या जीपची अख्खी उजवी बाजू — नदीत पडली होती. आणि आता या लॉरीचं उजवं मडगार्ड, बॉनेटच्या दोन्ही झडपा, फूटबोर्ड. शाळेत शिकलेलं यातलं काहीही नाही!

हे मांडत बसलो, कारण गावचा प्रमुख मेदेर आज दारात उभा राहून विचारत होता, "उस्ता, तुमचं शिक्षण काय टाकू? जिल्ह्याला कळवायचंय."

"काही टाकू नकोस."

"असं कसं? रकाना आहे."

"मग रकान्यात पत्रा टाक."

हसला. पण गेला तो खट्टू होऊनच. नऊ मेच्या, महायुद्ध जिंकल्याच्या, मिरवणुकीत ही लॉरी सगळ्यांच्या पुढे चालायची आहे आणि मग शाळेपुढच्या चौथऱ्यावर चढायची आहे. इंजिन ओस्मोनकुलकडे. अंग माझ्याकडे.

१४ मार्च

युद्धाच्या दुसऱ्या वर्षातली दीडटनी लॉरी. आघाडीवरून आली, मग सामूहिक शेतावर राबली, मग तलावाकाठच्या पडक्या वखारीत हिच्यात कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांची घाण पत्रा खाते. राहिलेला तलावाचं खारं वारं खातं. केबिनच्या तळाला बोट लावलं की बोट आरपार. बिस्किटासारखे पोपडे निघतात.

मेदेरला दोन दिवे हवेत. "एका डोळ्याची गाडी मिरवणुकीत कशी दिसेल, उस्ता?" त्याला सांगितलं — त्या वर्षी दिवा एकच देत असत, डावीकडे. लोखंड नव्हतं. मडगार्डं साच्यातून काढलेली गोल नव्हती, छपराचा पत्रा हाताने दुमडून केलेली, कोपरे असलेली. पुढच्या चाकांना ब्रेकसुद्धा नव्हते! "मग आपण लावू की," म्हणतो. लावू की! लग्नाच्या घोड्याला लावतात तशी झूल लाव म्हणावं.

एक दिवाच लागेल. पुट्टीही भरणार नाही. गेलेला पत्रा कापायचा, तसाच पत्रा घडवून सांधायचा. दुसरी रीत नाही.

डावं मडगार्ड अजून हातात घेतलेलं नाही. डाव्या वळणाची दुमड आमचा मुलगा तिलेक माझ्याहून सुबक काढतो. पंचविशीतल्या पोराचा हात असा वळतो हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्याला कधी सांगितलं मात्र नाही. कौतुक ऐकलं की हात सैल पडतो.

निघताना म्हणाला होता, "बाबा, तुमच्या या पत्र्यावर कुणाचं पोट भरलंय?" मीही म्हणालो, "जा मग. परत येशील तेव्हा माझ्या ऐरणीला हात लावू नकोस." तेव्हापासून रशियात आहे, एका गॅरेजात ठोकपिट करतो. फोन आईला येतो. मला नाही.

१७ मार्च

दिवसभर वायर ब्रश. नाकातून लाल शेंबूड.

२१ मार्च

नवरोज. गल्लीतल्या बायका कालपासून सुमोलोकची, मोडाच्या गव्हाच्या खिरीची, कढई ढवळताहेत. बुरुल थोडं वाटीत घेऊन आली, मागोमाग फोनही घेऊन आली.

"तिलेक आहे. बोला ना हो."

"हातात हातोडी आहे."

"खाली ठेवता येते ती."

मी ठेवली नाही. तीच फोनमध्ये म्हणाली, "बाबांच्या हातात हातोडी आहे." तो हसला म्हणे. कसा हसला ते विचारलं नाही.

फोन झाल्यावर ती ऐरणीपाशीच बसली. तिलेकच्या वसतिगृहात शिपाई शिरले होते. आपल्याकडची पोरं बाजूला काढली. ज्यांनी तिकडचा पासपोर्ट घेतलाय त्यांना नेलं — सही करा, गणवेश घाला, नाहीतर कोठडी. तिलेकने पासपोर्ट घेतलेला नाही. कागद दाखवून सुटला.

"त्याला म्हणावं, परत ये," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणा. मी म्हटलं की हसण्यावारी नेतो. तुम्ही एकदा म्हणालात तर येईल तो."

"रस्ता माहीत आहे त्याला."

"रस्ता माहीत आहे हो. दार उघडं आहे का, ते माहीत नाही."

सुमोलोक गार झालं. खाल्लं नाही.

२८ मार्च

केबिनची मागची भिंत घासायला घेतली. वर सामूहिक शेताचा निळा रंग, त्याखाली राखाडी, त्याखाली लष्करी हिरवा. हिरव्याच्या खाली ठिगळं! चालकाच्या पाठीमागे. खांद्याच्या उंचीला सुरू होतात आणि तिरकी खाली जातात.

मांसाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा वळवून, रिव्हेट मारून बसवलेली. वेल्डिंग नाही, ऐरण नाही. कुठेतरी झाडाखाली, दगडावर ठोकून केलेलं काम. आणि तरीही एकेक रिव्हेट ओळीत. ज्या कुणी केलं त्याचा हात शिकलेला होता, आणि घाई होती. लॉरी लगेच परत पाठवायची असणार, दुसरा चालक बसवून.

ठिगळं काढणार नाही. गंज मारून, आहेत तशी ठेवणार.

सीटवर बसून पाहिलं. माझीही पाठ बरोब्बर तिथेच येते. लगेच उतरलो.

३ एप्रिल

आज एक गृहस्थ आला. नाव एल्दियार. आपलाच, राजधानीचा. चाळिशीचा, स्वच्छ जाकीट, बूट पुसून अंगणात आला. "उस्ता, मेदेरने सांगितलं, तुम्ही युद्धातली गाडी उभी करताय. पाहू का?"

आजवर जो येतो तो विचारतो, दुसरा दिवा कुठाय. हा लॉरीला एक फेरी मारून म्हणाला, "एकच ठेवलात. बरं केलंत." मग उजव्या मडगार्डाच्या आतून बोट फिरवलं. बाहेरून नाही — आतून! तिथे सांधा दिसतो. "हे पत्रा वळवायच्या रोलरवर केलेलं नाही."

"रोलर नाहीच माझ्याकडे."

"कुठे शिकलात?"

"पत्र्याकडे."

हसला तो, पण चेष्टेने नाही. ठिगळांपुढे बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "हे कुणीतरी गोळ्या चालू असताना केलंय. असा हात आता मिळत नाही."

बुरुलने चहा, ताजी रोटी, साय, जर्दाळूचा मुरंबा मांडला. कैक वर्षांत कामाबद्दल असं कुणाशी बोललो नव्हतो. त्याने फोटो घेतले. सांध्यांचे, दुमडीचे, माझ्या हातांचेसुद्धा.

४ एप्रिल

एल्दियार पुन्हा आला. विचारत होता, असं काम आणखी कुणाला येतं? ओस्मोनकुल बसलेला होताच, म्हणाला, "याच्यासारखा दुसरा नाही! एक आहे म्हणजे एकच आहे, त्या दिव्यासारखा." खोटं कशाला बोलू? मी म्हणालो, दुसरा आहे. माझा मुलगा. डावी दुमड तो माझ्याहून चांगली काढतो. आज ना उद्या मला मागे टाकेल.

"असं? कुठे असतो?"

शहर सांगितलं, गॅरेजचं नाव सांगितलं. त्याचं तिकडे येणं-जाणं असतं म्हणे. "गेलो तर गाडी त्यालाच दाखवीन. दरवाजा चेपलाय माझा."

"दाखवा," म्हणालो. "चेपलेला कुठे होता ते सापडणार नाही तुम्हाला."

तो गेल्यावर ओस्मोनकुल माझ्याकडे बघत राहिला. "पोराचं कौतुक तुझ्या तोंडून! आज सूर्य तलावातून उगवला काय रे?"

चूप बस म्हटलं.

८ एप्रिल

आज कळलं एल्दियार कशासाठी येतो ते.

रशियात, दक्षिणेला, गाड्या दुरुस्त करायचं एक ठाणं आहे. ट्रक, जीप, जे मिळेल ते. त्यांना पत्रे लावायचे — जाड पत्रे. दरवाज्यांना, टपाला, चालकाच्या पाठीमागे. प्रत्येक गाडी वेगळी, त्यामुळे मशीनवर होत नाही. हाताने मापून, दुमडून, बसवायला माणसं हवीत. जुनी माणसं, जुना हात.

"लढाईपासून किती लांब?"

"लांबच म्हणायचं, उस्ता."

'म्हणायचं' म्हणाला. आणि कपात बघत म्हणाला.

रक्कम सांगितली. बुरुल रोटी तोडत होती, तिचा हात थांबला. इथे लिहीत नाही. लिहिली की डोळ्यांपुढे राहील.

मी म्हणालो, "मी जी गाडी करतोय तिचं युद्ध संपलंय. चालू युद्धाची गाडी मी करत नाही."

वाटलं होतं, चिडेल, घासाघीस करेल. काहीच नाही. "तुमची मर्जी, उस्ता. जबरदस्ती थोडीच आहे." आणखी एक कप चहा मागून घेतला, सावकाश प्यायला. बुरुलला म्हणाला, मुरंबा फार छान झालाय. बूट घालताना पुन्हा एकदा मडगार्डाच्या आतून बोट फिरवलं आणि गेला.

इतकं सहज 'नाही' ऐकून घेणारा माणूस मी पाहिलेला नाही.

९ एप्रिल

रेड ऑक्साइडचा पहिला हात. नीट बसला नाही. पुसला. पुन्हा.

१६ एप्रिल

आज लॉरीला हात लावला नाही.

सकाळी पलीकडच्या गावचे दोघे आले, टोप्या हातात घेऊन. त्यांचा पुतण्या रशियात गेलेला, काल पेटीतून आला. जस्ताची पेटी, चारही बाजूंनी कथलाचा डाग देऊन बंद केलेली. सोबतच्या कागदावर लिहिलंय, उघडू नये.

"पेटीसकट कसा पुरायचा, उस्ता? अंघोळ नाही, कफन नाही. आई ऐकत नाही. तुमची कात्री घेऊन या."

गेलो. अंगणात तंबू उभारलेला. पुरुष रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडत, कमरेत वाकून आत शिरत होते. आतून बायकांचा शोक. मला मागच्या पडवीत नेलं. पेटी दोन बाकांवर.

पहिल्यांदा सांधा पाहिला. सवय. डाग घाईचा होता, पण सरळ, कुठे ओघळ नाही. लावणाऱ्याने खूप पेट्या लावल्या असणार. कुठल्या तरी गावातला, पोटापाण्यासाठी गेलेला पत्रेवालाच असेल तो. त्याने लावलेलं मी कापत होतो. जस्त मऊ, कात्री आवाज न करता जाते.

कोपऱ्यापर्यंत आलो तेव्हा मुल्लाने खांद्यावर हात ठेवला. "बस. पुढचं आमच्याकडे."

आत काय होतं ते लिहिणार नाही. धुण्यासारखं थोडं होतं, एवढंच.

येताना पोराच्या बापाने माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, "गॅरेजमध्ये काम आहे म्हणून गेला होता हो."

कात्री विहिरीवर धुतली. पुन्हा धुतली.

१७ एप्रिल

तिलेकला फोन केला. मी केला! बुरुल दाराच्या चौकटीला धरून उभी.

"बाबा?" म्हणाला. घाबरला होता. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तू घरी ये."

मीच पुढे म्हणालो, "डावं मडगार्ड बाकी आहे. तुझ्यासाठी ठेवलंय. मला ती दुमड साधत नाही."

मग म्हणाला, "कळलं मला, बाबा, माझ्या हाताबद्दल तुम्ही काय बोललात ते. एवढी वर्षं कधी बोलला नाहीत."

मला लाज वाटली, बरंही वाटलं. म्हणालो, "बरं, बरं. येतोस कधी?"

"नऊ मेला येतो. थोडे पैसे बरोबर आणतो, म्हणजे तुम्हाला रोलर घेता येईल."

"रोलर नको मला!"

"माहीत आहे," म्हणाला, आणि हसला. आता मला ठाऊक आहे कसा हसतो ते. तसाच, लहान होता तसाच.

बुरुलने सांगितलं असणार त्याला. चांगलं केलं तिने.

२६ एप्रिल

केबिन पूर्ण. ठिगळांवर पातळ हिरवा दिला, खालचे रिव्हेट दिसतील असा. मेदेर म्हणतो, ही गोळ्यांची ठिगळं झाका, पोरं घाबरतील. घाबरू देत म्हटलं.

डावं मडगार्ड आखून ठेवलं. कापलेलंही नाही.

२ मे

रात्रीच्या जेवणाला लाघमान होतं. सहज बुरुलला म्हणालो, "मी तिलेकबद्दल एल्दियारपाशी जे बोललो ते त्याला सांगितलंस, बरं झालं."

"मी?" तिने पळी खाली ठेवली. "मी नाही सांगितलं. मी तेव्हा अंगणात नव्हतेच. काय बोलला होतात?"

३ मे

ओस्मोनकुलला विचारलं. त्याच्याकडे तिलेकचा नंबरसुद्धा नाही.

तिलेकचा फोन बंद.

४ मे

बंद. एल्दियारचा नंबर मेदेरकडून घेतला. वाजतो, उचलत नाही.

मेदेर म्हणाला, "भला माणूस आहे हो तो, चौथऱ्यासाठी सिमेंट देणार आहे."

५ मे

गॅरेजचा नंबर बुरुलच्या बहिणीच्या मुलाने शोधून दिला. मालक म्हणाला, "तिलेक? तो गेला ना, तुमचाच कुणी माणूस आला होता न्यायला. दरवाजा चेपलेली गाडी घेऊन. पोराने एका दिवसात सरळ केला दरवाजा, काय हात आहे! मग दोघं बरोबरच गेले. मला वाटलं, घरीच येतोय."

८ मे

राजधानीहून येणारी सगळी वाहनं पाहिली. थांब्यावरचा चहावाला म्हणाला, "उस्ता, घरी जा, आलाच तर मी पाठवून देतो की."

डावं मडगार्ड मीच कापलं, मीच दुमडलं. रंगाला वेळ नाही. रेड ऑक्साइडवरच राहील. दुमड जराशी उघडी पडलीय. माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

९ मे

लॉरी चालली. ओस्मोनकुलने चालवली, पदकं लावून, मान ताठ. मी शेजारी. मागे शाळेची पोरं, हातात आजोबा-पणजोबांचे फोटो. बाया फुलं टाकत होत्या. कुणीतरी ओरडलं, "उस्ता, एक मडगार्ड लाल कसं? रंग संपला का?" लोक हसले.

पाठीमागे ठिगळं. सगळा रस्ता पाठ टेकली नाही.

पलीकडच्या गावचा तो बाप कडेला उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली.

चौथऱ्यावर चढवायला उद्या क्रेन येईल, मेदेर म्हणाला.

११ मे

तिलेकचा आवाज आला, बुरुलच्या फोनवर, नवीन नंबरावरून. ध्वनिमुद्रित निरोप. मागे घणांचे आवाज. "आई, बाबांना सांग, काळजी करू नका. त्यांनी नाव सुचवलं म्हणून एल्दियारदादा इतक्या लांबून मला न्यायला आला. इथे सगळे विचारतात, कुठे शिकलास. मी म्हणतो, माझ्या बाबांकडे. परवापासून पुढच्या ठाण्यावर न्यायचंय. गाड्या मागे आणायला वेळ नसतो, तिथेच पत्रे लावायचे. वर्षभराची सही केलीय. महिना दीड लाख रूबल! बाबांना म्हणावं, पत्र्यावर पोट भरतं."

परत फोन लावला. नंबर लागत नाही.

१२ मे

याच कामाचे एल्दियारने मला देऊ केले होते ते महिना दोन लाख चाळीस हजार रूबल. मी नाही म्हणालो.